न्यू जर्सीतलं पब्लिक हायस्कूल : नववीला येणाऱ्या लेकीसाठी काय काय बघावं?

मीनल_कोथरूड
नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या कंपनीनं न्यू जर्सीला पाठवायचं नक्की केलंय. जुलैच्या मध्यावर आम्ही तिघं प्लेन्सबरोच्या आसपास राहायला येतोय. लेकीची आठवी पुण्यात सीबीएसईतून झाली. सप्टेंबरपासून ती तिथे नववीत, म्हणजे हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला जाईल. तिकडच्या एका शाळेची विषयांची पुस्तिका उतरवून घेतली आणि वाचत बसले. कॅल्क्युलस, कुंभारकाम, वाद्यवृंद, फोटोग्राफी, स्वयंपाक, सगळं एकाच पुस्तिकेत! लेक हरखून गेलीय, मला मात्र यातलं नेमकं काय उचलायचं ते कळेना.

मैत्रिणीची बहीण टेक्सासला असते. ती म्हणते, पहिल्याच वर्षापासून एपी (हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे विषय) घ्यायला लावा, नाहीतर मूल मागे पडतं. दिरांचं म्हणणं याच्या अगदी उलट. म्हणून ज्यांची मुलं तिथे शिकली आहेत किंवा शिकताहेत त्यांनाच विचारते. गणित कुठून सुरू करावं? दुसरी भाषा कुठली घ्यावी? एपीची एवढी घाई खरंच लागते का? आणि गोळीबाराच्या बातम्या वाचून जीव थाऱ्यावर राहत नाही. शाळा त्यासाठी नेमकं काय करतात, हेही कुणीतरी नीट सांगा.

मध्यजर्सीकर
स्वागत, मीनलताई. आधी प्रवेशाचं सांगतो, कारण तिथेच लोक उगाच घाबरतात. पब्लिक शाळेला फी नाही, देणगी नाही, मुलाखत नाही. तुम्ही ज्या गावात राहता त्या गावच्या शालेय जिल्ह्यातली (इथे जिल्हा म्हणजे गावच्या शाळा चालवणारी संस्था) शाळा तुमच्या मुलीला घेणारच. तो तिचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२च्या 'प्लायलर विरुद्ध डो' निकालापासून व्हिसा वा कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही शाळेला दार बंद करता येत नाही. त्यामुळे एच-४वर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्याच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, येणाऱ्या मुलीची काळजीच करू नका. लागतं काय? भाडेकरार, वीज-गॅसचं बिल, जन्माचा दाखला, लसीकरणाची नोंद आणि जुन्या शाळेची प्रगतिपुस्तकं. घर घेताना किंवा भाड्यानं बघताना मात्र पत्ता नक्की कुठल्या शाळेच्या हद्दीत येतो ते जिल्ह्याच्या कार्यालयातूनच विचारून घ्या, घरांच्या जाहिरातीवर विसंबू नका. रस्त्याच्या या बाजूला एक शाळा आणि त्या बाजूला दुसरी असं इथे सर्रास असतं.

आता विषय. आपल्याकडे दहावीनंतर सायन्स-कॉमर्स-आर्ट्स अशा वाटा फुटतात, तसं इथे काही नाही. चार वर्षांत क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर जमा होणारे गुण) जमवायची असतात. न्यू जर्सीत हायस्कूल पूर्ण झाल्याच्या दाखल्याला किमान १२० लागतात आणि वर्षभराच्या एका विषयाचे साधारण ५ मिळतात. त्यात इंग्रजी चारही वर्षं, गणित आणि विज्ञान तीन-तीन, समाजशास्त्र तीन (त्यातली दोन वर्षं अमेरिकेचा इतिहास), परदेशी भाषा एक वर्ष, कला एक वर्ष, व्यवसायाशी संबंधित एखादा विषय, पैशाच्या व्यवहाराचा अर्ध्या वर्षाचा विषय आणि दरवर्षी व्यायाम-आरोग्य. व्यायामाला सुटका नाही, गणितात कितीही हुशार असलं तरी. एवढं करूनही वेळापत्रकात जागा उरते आणि ती जागा मुलीची असते. ती तिलाच भरू द्या, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे.

गणिताबद्दल नेमकं सांगतो. इथला क्रम अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस आणि मग कॅल्क्युलस. तुमच्या भागातली बरीच मुलं अल्जिब्रा १ आठवीतच किंवा त्याआधी संपवतात, म्हणून पालक 'आमचीला थेट जॉमेट्रीत बसवा' असा हट्ट धरतात. पण अल्जिब्रा १मध्ये दोन चलांची समीकरणं आणि वर्गसमीकरणं येतात. सीबीएसईत वर्गसमीकरण दहावीला आहे. आठवीतून आलेल्या मुलीची आकडेमोड पक्की असते, अवयव पाडता येतात, पण मधला हा तुकडा तिनं पाहिलेलाच नसतो. शाळा पातळी ठरवायला चाचणी घेते. उन्हाळ्यात एवढा भाग करून घेतलात तर चाचणी खरी तयारी दाखवेल.

ऋतुजा_न्यूब्रन्सविक
मी स्वतः पुण्याहून नववीलाच आले होते, आता रटगर्स विद्यापीठात शिकते. काकू, मोठी माणसं सांगत नाहीत ते मी सांगते.

पहिल्या आठवड्यात तिला सगळ्यात जास्त रडवेल ते लॉकरचं कुलूप. किल्ली नसते, गोल तबकडी असते. उजवीकडे पूर्ण तीन फेऱ्या फिरवून पहिल्या आकड्यावर थांबायचं, मग डावीकडे पहिला आकडा ओलांडून एक पूर्ण फेरी आणि दुसऱ्या आकड्यावर थांबायचं, मग पुन्हा उजवीकडे सरळ तिसऱ्यावर. एक रेघ चुकली की पहिल्यापासून. आणि दोन तासांच्या मध्ये चार-पाच मिनिटंच असतात, त्यात इमारतीच्या या टोकापासून त्या टोकाला जायचं. असं कुलूप दुकानात मिळतं, आल्याबरोबर एक घेऊन तिला घरी सराव करू द्या.

दुसरं म्हणजे इथे वर्ग असा नसतो. आपल्याकडे आठवी-ब म्हणजे तीच चाळीस मुलं वर्षभर एकत्र, शिक्षक बदलत राहतात. इथे शिक्षक आपापल्या खोलीत आणि मुलं फिरती. गणिताला एक गट, इंग्रजीला दुसरा, व्यायामाला तिसराच. त्यामुळे 'आपला वर्ग' म्हणून आपोआप मिळणाऱ्या मैत्रिणी मिळत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत कॅफेटेरियात ताट घेऊन उभं राहिलं की बसायचं कुठे, हा प्रश्न अगदी खरा असतो. माझी मैत्री जमली ती क्रॉसकंट्रीच्या संघात. धावण्यात मी काही विशेष नव्हते, पण बऱ्याच शाळांत या संघात नाव देणाऱ्या प्रत्येकाला घेतात, बास्केटबॉलसारखी निवड होत नाही. सराव ऑगस्टमध्ये, शाळा उघडायच्या आधी सुरू होतो. म्हणजे पहिल्या दिवशी कॅफेटेरियात ओळखीचे चेहरे असतात! मार्चिंग बँडचंही तसंच, ऑगस्टमध्ये शिबिर असतं. वाजवता येत नसलं तर ध्वजपथकात नाव देता येतं का विचारा.

अभ्यासाचं म्हणाल तर एका वार्षिक परीक्षेवर काही अवलंबून नसतं. दर आठवड्याला छोट्या चाचण्या, निबंध, प्रकल्प, प्रयोगवही, वर्गातली चर्चा, सगळ्याचे गुण चढत जातात. शेवटच्या महिन्यात रात्री जागून भरपाई करू म्हटलं तर होत नाही. आणि इंग्रजीच्या निबंधात सुंदर भाषा पुरत नाही. आपलं म्हणणं एका वाक्यात मांडायचं, मग पुस्तकातले उतारे देऊन ते सिद्ध करायचं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शाळेत लेखन-मदत केंद्र होतं, तिथे जाऊन शिकले.

बाबा_दोघांचा
दोन्ही प्रतिसाद आवडले, पण एपीबद्दल मी वेगळं सांगणार आहे आणि ते जबाबदारीनं सांगतोय. एच-४वरच्या मुलांची परिस्थिती इथल्या नागरिक मुलांसारखी नसते. त्यांना केंद्र सरकारची शैक्षणिक मदत मिळत नाही. २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो, स्वतःचा व्हिसा घ्यावा लागतो. भारतीयांची ग्रीनकार्डाची रांग तर तुम्हाला ठाऊकच असेल. कॉलेजचा खर्च कमी करायचे आपल्या हातातले मार्ग थोडेच आहेत आणि एपी त्यातला एक. परीक्षा मेमध्ये होते, १ ते ५ असे गुण, शुल्क शंभर डॉलरच्या आसपास. चांगले गुण असले तर अनेक सरकारी विद्यापीठं त्या विषयाचं क्रेडिट देतात, म्हणजे तेवढी फी वाचते. माझ्या मोठ्याचं पूर्ण एक सत्र वाचलं. माझ्या घरात हा हव्यास नव्हता, हिशेब होता. तेव्हा झेपत असेल तर दहावीपासून सुरू करा आणि अकरावी-बारावीत वाढवा, असंच मी म्हणेन.

अनघा_शिक्षणसहायक
बाबा, तुमचा हिशेब मला पटतो. घरोघरी तो असतोच. पण मी हायस्कूलमध्येच काम करते, वर्गात मुलांच्या शेजारी बसते, म्हणून दुसरी बाजू जरा सविस्तर लिहिते.

मीनल, तू ज्या भागात येते आहेस तिथलीच जाहीर नोंद आहे. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो जिल्ह्याचे अधीक्षक डेव्हिड अडरहोल्ड यांनी २०१५च्या ऑक्टोबरमध्ये पालकांना १६ पानांचं पत्र लिहिलं. आदल्या शैक्षणिक वर्षात मिडल स्कूल आणि हायस्कूलच्या १२० मुलांना मानसिक तपासणीची शिफारस करावी लागली होती आणि त्यातल्या ४० मुलांना रुग्णालयात दाखल करावं लागलं होतं, असं त्यात होतं. मग जिल्ह्यानं हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या, काही रात्री गृहपाठमुक्त ठेवल्या, चौथीपासून सुरू होणारा वेगवान गणिताचा वर्ग सहावीवर नेला. त्यावर पालकांत उभी फूट पडली, न्यूयॉर्क टाइम्सपर्यंत बातमी गेली. विरोध करणाऱ्यांत आपल्यासारखे स्थलांतरित पालक बरेच होते. त्यांची भीती खोटी नव्हती; शिक्षणाच्या जोरावरच ते इथवर आले होते. पण ते ४० आकडे नव्हते, कुणाची तरी मुलं होती. आपल्या सगळ्या आईबापांनी हे पत्र वाचावं असं मला फार वाटतं.

वर्गात मला काय दिसतं? पहिल्या तासाला डोकं बाकावर टेकलेली मुलं दिसतात. शाळा सकाळी साडेसातच्या सुमारास भरते, बस त्याही आधी येते आणि रात्री एकपर्यंत अभ्यास चाललेला असतो. बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेनं २०१४मध्येच सांगितलं की या वयाच्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरू नये. कॅलिफोर्नियानं २०२२पासून तसा कायदा अमलात आणला, आमच्याकडे जिल्ह्याजिल्ह्याप्रमाणे वेगळं. वेळ तुझ्या हातात नाही, पण विषयांचं ओझं आहे.

कॉलेजवाले प्रत्येक अर्जासोबत शाळेचं परिचयपत्रकही बघतात. शाळेत काय उपलब्ध होतं आणि त्यातलं मुलीनं काय घेतलं, हे ते ताडून पाहतात. सगळंच घ्यायची गरज नसते. पहिल्या वर्षी मुलगी देश, घर, उच्चार, हवामान, मैत्रिणी सगळं बदलून येतेय. त्या वर्षी तिला एखादा ऑनर्सचा (नेहमीपेक्षा वरच्या पातळीचा) विषय, तिच्या आवडीची एक कला आणि एक खेळ एवढं पुष्कळ आहे. नववीपासूनचे गुण कॉलेजच्या नोंदीत जातात हे खरं, म्हणून तर पहिल्या वर्षी झेपेल तेवढंच उचलावं.

आणखी एक. पालकांसाठी पोर्टल असतं, प्रत्येक चाचणीचे गुण त्याच दिवशी मोबाइलवर दिसतात. काही मुलं चाचणी देऊन पुढच्या तासाला पोहोचायच्या आत आईचा संदेश येतो : 'बी का मिळाला?' माझ्यासमोर एका मुलीचा चेहरा असा उतरलेला मी पाहिलाय. सूचना बंद ठेव. आठवड्यातून एकदा, तिच्यासोबत बसून बघ.

मीनल_कोथरूड
अनघाताई, हे सगळं मी लेकीला वाचून दाखवलं. खूप बरं वाटलं तिला. भाषेचं आणि सुरक्षेचं कुणी सांगाल का?

मध्यजर्सीकर
भाषेसाठी स्पॅनिश घेतलीत तर इथे रोजच्या जगण्यात कामी येते. पण मराठी सोडू नका. न्यू जर्सीत २०१६पासून हायस्कूलच्या दाखल्यावर द्विभाषिकतेची राज्याची मोहोर मिळते, इंग्रजीशिवाय आणखी एका भाषेत वाचन, लेखन, बोलणं सिद्ध केलं तर. मराठीसाठी कुठली परीक्षा ग्राह्य धरतात ते जिल्ह्याच्या भाषा विभागाला लेखी विचारा. रविवारच्या मराठी शाळेतल्या शिक्षिकाही मार्ग दाखवतील. तुमची लेक तर आठवीपर्यंत पुण्यात शिकलीय, तिला हे सहज जमेल.

सुजाता_सॉमरसेट
सुरक्षेचं मी सांगते, दोन मुलं याच शाळांतून गेलीत.

न्यू जर्सीत दर महिन्याला एक आगीची आणि एक सुरक्षेची कवायत कायद्यानं बंधनकारक आहे. लॉकडाउनच्या कवायतीत शिक्षिका दाराला आतून कुलूप लावतात, दिवे घालवतात, पडदे ओढतात. मुलं दाराच्या काचेतून दिसणार नाहीत अशा भिंतीला टेकून खाली बसतात, फोन खिशात, एक शब्द नाही. बाहेरून कुणीतरी दाराची मूठ हलवून बघतं. घोषणा झाली की दिवे लागतात आणि धडा पुढे सुरू होतो. माझ्या धाकट्यानं हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो अगदी शांत होता, माझ्याच पोटात खड्डा पडला.

२०१८मध्ये फ्लोरिडात पार्कलँडच्या शाळेत १७ जण मारले गेले. त्यातली अलिसा अल्हाडेफ ही मुलगी आधी न्यू जर्सीत राहत होती. तिच्या नावानं २०१९मध्ये इथे कायदा झाला. प्रत्येक पब्लिक शाळेत आवाज न करता थेट पोलिसांना कळवणारी धोक्याची घंटा असावी लागते. नंतर कवायतींवरही बंधनं आली. खोटं रक्त, गोळ्यांचे आवाज वगैरे वापरता येत नाहीत आणि पालकांना कळवावं लागतं. भीती जात नाही, मी खोटं सांगणार नाही. पण मुलीला इथे आल्यावर पहिल्याच कवायतीत कळण्यापेक्षा तुम्हीच आधी सांगा. शब्द साधे ठेवा, आगीच्या कवायतीचं सांगतो तसे.

आई_अर्णवची
विषय थोडा वेगळा आहे, पण हा धागा पुढे बरेच नवे पालक वाचतील म्हणून लिहितेच.

ज्या मुलाला वाचायला त्रास होतो, लक्ष लागत नाही, स्वमग्नता आहे, त्याच्यासाठी इथल्या पब्लिक शाळेवर कायद्याचं बंधन आहे. १९७५च्या केंद्रीय कायद्यानं हा हक्क दिला. पालकांनी लेखी अर्ज दिला की न्यू जर्सीत जिल्ह्याला वीस दिवसांत बैठक घ्यावीच लागते. शाळेचं पथक असतं, मानसशास्त्रज्ञ, अध्ययनतज्ज्ञ आणि समाजसेविका. ते तपासणीचा निर्णय घेतात, तपासणी मोफत होते. मूल पात्र ठरलं तर त्याच्यासाठी वर्षाचा लेखी आराखडा बनतो आणि तो पहिल्यांदा लागू करायला तुमची संमती लागते. न समजणारा कागद सही न करता घरी आणता येतो, दुभाषी मागता येतो.

माझ्या मुलाला डिस्लेक्सिया आहे. तपासणी सुरू व्हायला आम्हाला फार झगडावं लागलं. तोंडी विनंत्यांना 'बघू, थोडं थांबू' हेच उत्तर येत राहिलं. लेखी अर्ज दिला, तारीख टाकली, पोच घेतली आणि मग चक्रं हलली. आज तो अकरावीत आहे, परीक्षेला जादा वेळ मिळतो, पुस्तकं ऐकून वाचतो आणि नाटकाच्या प्रकाशयोजनेचं सगळं काम बघतो. आपल्या समाजात 'लोक काय म्हणतील' म्हणून पालक ही गोष्ट शाळेपासूनही लपवतात. लपवू नका हो. आराखडा गोपनीय असतो आणि मुलाची वर्षं परत येत नाहीत.

मध्यजर्सीकर
आईंना शंभर टक्के अनुमोदन. आणि त्यालाच जोडून सांगतो, शाळा मंडळाच्या बैठकांना जा. इथली शाळा गावच्या मालमत्ताकरावर चालते. भाड्यानं राहणाऱ्याच्या भाड्यातूनही तो कर जातोच. मंडळाचे सदस्य गावानं निवडून दिलेले आणि बिनपगारी असतात. मत द्यायला नागरिकत्व लागतं, पण बैठक १९७५च्या राज्य कायद्यानं सगळ्यांना खुली आहे आणि बोलायला वेळ राखून ठेवलेला असतो. माइकपाशी जायचं, नाव-गाव सांगायचं, ठरावीक मिनिटांत म्हणणं मांडायचं. एडिसन, साउथ ब्रन्सविकसारख्या जिल्ह्यांत आज दिवाळीला सुट्टी असते ती गावातले लोक असे वर्षानुवर्षं जाऊन बोलल्यामुळे. संगीताच्या शिक्षकाचं पद कापायचं की बसचा मार्ग, हे तिथेच ठरतं आणि आपली माणसं बहुतेक वेळा घरी असतात.

बाबा_दोघांचा
अनघाताईंचा प्रतिसाद वाचून बायकोशी बोललो. धाकटी आता दहावीला जातेय, तिच्या यादीत तीन एपी होते. त्यातला एक काढून तिला हवं असलेलं चित्रकलेचं वर्ष ठेवतोय. खर्चाबद्दलचं माझं मत कायम आहे, पण दोन एपीतही तो हिशेब बसतो.

मीनल_कोथरूड
सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीनं स्वतः यादी केलीय : इंग्रजी, चाचणी सांगेल ते गणित, जीवशास्त्र ऑनर्स, जगाचा इतिहास, स्पॅनिश आणि कुंभारकाम. क्रॉसकंट्रीलाही नाव द्यायचं म्हणतेय. त्यासाठी इथून निघायच्या आधी काय काय कागद घ्यावे लागतील?

सुजाता_सॉमरसेट
खेळाच्या संघासाठी डॉक्टरांनी तपासून भरलेला राज्याचा ठरलेला फॉर्म लागतो, सरावाच्या पहिल्या दिवसाआधीच्या ३६५ दिवसांतला. तो इथे आल्यावरच करून घ्या, जुलैच्या शेवटापर्यंत अपॉइंटमेंट मिळेल अशी आत्तापासून बघा. पुण्याहून लसीकरणाचं पूर्ण कार्ड डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह इंग्रजीत आणा. कांजिण्या, कावीळ-ब आणि मेनिंगोकॉकल या तीन लसी झाल्यात का ते आधी तपासा, आपल्याकडे कांजिण्यांची आणि मेनिंगोकॉकलची बऱ्याचदा राहून जाते. भारतातून येणाऱ्या मुलांना टीबीची तपासणीही मागतात. लहानपणीच्या बीसीजीमुळे हातावरची चाचणी सकारात्मक दिसू शकते, म्हणून रक्ताची चाचणी करून मागा. क्रॉसकंट्रीची ऑनलाइन नोंदणी काही शाळांत जुलैतच बंद होते. शाळेच्या क्रीडा विभागाला आजच ईमेल टाका.